सलाईन संपलं तेव्हा सिस्टर कुठे होती?

दादा, नमस्कार.

तुमच्या पत्राखाली फक्त 'एका पेशंटचा मुलगा, कागल' एवढीच सही आहे, म्हणून दादा म्हणते. वयानं लहान असाल तरी चालवून घ्या.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की कोल्हापुरातल्या खासगी दवाखान्यांतल्या नर्सेसनी एकत्र येऊन संघटना बांधावी, अकरा महिन्यांच्या कागदाऐवजी नीट करार मागावा, आणि त्यात पगाराबरोबरच एका नर्सकडे किती पेशंट हा आकडाही लिहून घ्यावा. त्यावर तुम्ही कळवलंत की वडील आठ दिवस शहरातल्या एका दवाखान्यात होते. एका रात्री सलाईन संपलं, नळीत रक्त चढलं, बेल दाबून वीस मिनिटं झाली तरी कुणी फिरकलं नाही, आणि तुम्ही काउंटरवर गेलात तर सिस्टर मोबाईलमध्ये. पुढे तुम्ही लिहिलंय, 'आणि यांना आता युनियन पाहिजे? नर्सिंग ही सेवा आहे, गिरणी नव्हे. उद्या ह्या संपावर गेल्या तर आमची माणसं मरायची का? पगार वाढवून लहान दवाखाने बंद पडले तर गडहिंग्लज-आजऱ्याच्या माणसानं कुठं जायचं? तुम्ही स्वतः नर्स होता, म्हणून एकतर्फी लिहिता.'

शेवटचं वाक्य खरं आहे. बावीस वर्षं खासगी दवाखान्यांत काढली, तिथूनच बघते. वडील आता घरी आहेत हे वाचून बरं वाटलं. नळीत रक्त चढलेलं बघून घाबरायला होतंच. त्यानं जिवाला सहसा धोका नसतो, पण रक्त गोठतं, व्हेन जाते आणि म्हाताऱ्या माणसाला पुन्हा दोन-तीनदा टोचावं लागतं. म्हणजे वेदना त्यांच्या वाट्याला आलीच.

तुम्ही वीस मिनिटं मोजलीत. मला त्या रात्रीचा दुसरा एक आकडा हवा होता, त्या मजल्यावर तिच्याकडे पेशंट किती होते. तुम्ही तो लिहिला नाहीत, आणि तुमचा त्यात दोष नाही. नातेवाईकाला तो कुठेच दिसत नाही. खोलीचं भाडं रिसेप्शनवर लावलेलं असतं, डॉक्टरांच्या पदव्या बाहेर पाटीवर असतात. रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती खाटा, हे मात्र कुठल्याच भिंतीवर नसतं.

आता एक गोष्ट सांगते, जी मी आजवर कुठे लिहिली नाही.

पंधरा-सोळा वर्षं झाली. पावसाळ्याचे दिवस, रात्रपाळी. वॉर्डात सतरा पेशंट, त्यातले चार त्याच दिवशी ऑपरेशन झालेले. ड्यूटीवर मी एकटी पास झालेली नर्स, सोबत दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आणि एक मावशी. दुसरी स्टाफ नर्स महिन्यापूर्वी सोडून गेली होती, तिच्या जागी कुणी घेतलं नव्हतं. आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचे डॉक्टर, खाली कॅज्युअल्टीत अडकलेले. ऑपरेशन झालेल्या पेशंटची नाडी आणि बीपी सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी, मग अर्ध्या तासानं बघायचं असतं. चार पेशंटचं हे गणित मांडून बघा, वर बाकीच्या तेरा जणांची इंजेक्शनं, सलाईनं, उलट्या, लघवीची भांडी. पहाटे चारच्या सुमारास एका बाईंच्या चार्टवर मी बीपी लिहिलं, ११० आणि ७०. मोजलं नव्हतं. आधीच्या ओळीत जे होतं तेच खाली उतरवलं. नाडीही तशीच.

नर्स असलेली वाचक हे वाचून मान खाली घालेल, कारण हे माझ्या एकटीचं पाप नाही. न मोजलेल्या आकड्यांनी भरलेले चार्ट मी प्रत्येक दवाखान्यात पाहिलेत.

त्या बाईंना आतून रक्तस्राव होत होता. सकाळी सहाला विद्यार्थिनीनं हात लावला तर अंग गार, नाडी एकशे तीसच्या पुढे. धावपळ झाली, पुन्हा थिएटरमध्ये घेतलं, रक्त चढवलं. वाचल्या. चारला मी मोजलं असतं तर दोन तास आधी कळलं असतं. तेव्हा त्या वाचल्या नसत्या, तर आज तुम्हाला हे लिहायचं धाडस माझ्यात असतं की नाही, सांगता येत नाही.

मला मेमो आला, निष्काळजीपणाचा. उत्तरात मला लिहायचं होतं की सतरा पेशंटला मी एकटी होते, दुसरी नर्स द्या असं मी तीनदा तोंडी सांगितलं होतं. नाही लिहिलं. कारण माझी जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाची, मूळ सर्टिफिकेटं आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मालकांच्या कपाटात होतं, नोकरीला लागताना ठेवून घेतलेलं. करार अकरा महिन्यांचा, आणि तो संपायला पाच आठवडे उरले होते. मी लिहिलं, 'चूक झाली, पुन्हा होणार नाही.' आणि त्याच रात्री पुन्हा सतरा पेशंट.

दादा, मला युनियन कशासाठी हवी हे यातच आलं. पगार हवाच, तो सोडून बोलण्याइतकी मी साधुसंत नाही. पण त्या रात्री माझ्या पगारात पाच हजार जास्त असते तरी त्या बाईंचं बीपी मोजलं गेलं नसतं. मोजलं गेलं असतं ते दुसऱ्या नर्समुळे. आणि दुसरी नर्स मिळाली असती, तर ती कुणाला तरी 'सतरा पेशंट मी एकटी घेणार नाही' असं लेखी देता आलं असतं म्हणून. एकटीनं असं लिहिलं की ती 'उद्धट' ठरते. पन्नास जणींनी सही करून दिलं की त्याची मागणी होते.

तुम्ही म्हणाल, एका दवाखान्याची गोष्ट सांगून सगळ्या जगाला नियम लावता. तर बाहेरचंही सांगते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांतल्या दोन लाखांहून जास्त शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. लिंडा एकन या नर्सिंगच्या संशोधक त्यात प्रमुख होत्या. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. चारऐवजी आठ पेशंट, तर ३१ टक्क्यांनी. पुढे युरोपातल्या नऊ देशांतही तोच ७ टक्क्यांचा आकडा आला. कॅलिफोर्नियात तिथल्या नर्सेसच्या युनियननं वर्षानुवर्षं लावून धरल्यावर १९९९ मध्ये कायदाच झाला, कुठल्या वॉर्डात नर्समागे जास्तीत जास्त किती पेशंट ते ठरलं, आणि २००४ पासून तो लागू झाला. न्यूयॉर्कमध्ये जानेवारी २०२३ ला दोन मोठ्या रुग्णालयांतल्या सात हजार नर्सेस तीन दिवस संपावर होत्या. भांडणाचं मूळ पगारापेक्षा नर्सेसच्या संख्येत होतं, आणि रुग्णालयानं माणसं कमी ठेवली तर लवादाकडे जाऊन दंड लावता येईल असं कलम त्यांनी करारात घालून घेतलं. कोल्हापुरात असं कलम कुणी ऐकलेलंही नसेल. पण मागायला काय हरकत आहे?

आपल्याकडे निकष नाहीत असंही नाही. भारतीय परिचर्या परिषदेनं सर्वसाधारण रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स आणि रजांसाठी तीस टक्के जादा माणसं, असं सांगून ठेवलंय. कागदावर.

आता संप. इथे तुमचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि नर्सेसच्या सभांमध्ये तो नेला जातो हे मला पटत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्याच वीस वर्षांच्या संपांचा अभ्यास दोन अर्थशास्त्रज्ञांनी केलाय. संपाच्या काळात दाखल झालेल्या रुग्णांमध्ये मृत्यू सुमारे १८ टक्क्यांनी जास्त निघाले. बाहेरून बदली नर्सेस आणल्या त्या रुग्णालयांतही चित्र फार सुधारलं नाही. म्हणजे तुमची भीती खरी आहे. संपात माणसं दगावू शकतात. पण याच आकड्याची दुसरी बाजू बघा. नर्स जाग्यावर नसली तर माणूस दगावतो, हेच तर आम्ही वर्षभर ओरडून सांगतोय. सतरा पेशंटना एक नर्स असते तेव्हा सोळा जणांपुरता रोजच संप असतो, फक्त त्याची नोटीस कुणी देत नाही. संपाची निदान चौदा दिवस आधी द्यावी लागते.

माझं स्वतःचं मत विचाराल तर अतिदक्षता, कॅज्युअल्टी आणि प्रसूती या तीन जागा संपात कधीही उघड्या पडू देऊ नयेत, आणि हे संघटनेनं स्थापनेच्या पहिल्या दिवशी स्वतःच्या घटनेत लिहावं. हे बोलले म्हणून काही मैत्रिणी माझ्यावर रागावल्यात. रागावू देत.

'सेवा आहे, गिरणी नव्हे' हा वाद तर आपल्या राज्यातूनच सुप्रीम कोर्टात गेला होता. मुंबईच्या जे. जे. समूह रुग्णालयातल्या दोन वॉर्ड कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं, त्यांच्यासाठी हॉस्पिटल मजदूर सभा लढली, आणि १९६० साली कोर्टानं सांगितलं की कामगार कायद्यापुरतं रुग्णालय हाही उद्योगच. १९७० मध्ये ते फिरलं, १९७८ मध्ये सात न्यायाधीशांनी पुन्हा तसंच ठरवलं. ज्यांच्यामुळे हे सुरू झालं ते मेट्रन नव्हते, डॉक्टर तर नव्हतेच. वॉर्डातली साधी माणसं होती ती.

आणि कागलचे आहात म्हणजे घरात नाहीतर भावकीत ऊस असणारच. जयसिंगपूरला ऊस परिषद होते, दर ठरल्याशिवाय कोयता लागू देणार नाही म्हणतात, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या टायरची हवा सुटते. तेव्हा शेतकऱ्याला कुणी 'काळ्या आईची सेवा आहे, दर कसला मागतोस' असं म्हणतं का? म्हटलंच तर काय ऐकून घ्यावं लागेल ते तुम्हाला ठाऊक आहे. याच शहरानं रस्त्यावर उतरून टोल घालवला. मग सिस्टरनं तोंड उघडलं की तेवढ्यापुरती सेवा आठवते, हे मला खुपतं. ऊस वाळतो आणि माणूस मरतो, हा फरक मला कळतो. तो वर कबूल केलाय.

लहान दवाखान्यांचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. वीस खाटांचा दवाखाना चालवणारे डॉक्टर मी जवळून पाहिलेत. सगळेच काही गाड्या उडवत नाहीत. सरकारी योजनेचे पैसे उशिरा येतात, कर्जाचे हप्ते असतात. म्हणून हिशेबच मांडू. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१६ मध्ये सांगितल्यावर केंद्रानं तज्ज्ञ समिती नेमली. तिची शिफारस अशी की दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयानं राज्य सरकारच्या नर्सइतका पगार द्यावा. शंभर ते दोनशे खाटा असतील तर त्याहून दहा टक्क्यांपर्यंत कमी चालेल, पन्नास ते शंभरला पंचवीस टक्क्यांपर्यंत कमी. आणि पन्नासच्या आतल्या दवाखान्यानंही महिना २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नये. म्हणजे लहानांना सवलत समितीनंच दिलीय.

वीस खाटा, प्रत्येक पाळीला पाचास एक या मापानं चार नर्सेस, तीन पाळ्यांच्या बारा, रजांच्या धरून सोळा. सोळा गुणिले वीस हजार म्हणजे महिना ३ लाख २० हजार. वीसपैकी चौदा खाटाच भरलेल्या असतात असं धरलं, तर महिन्याचे ४२० खाट-दिवस. एका पेशंटमागे दिवसाला साधारण ७६० रुपये. पीएफ वगैरे धरून थोडं वर जाईल. आता वडिलांचं बिल काढा. त्यात 'नर्सिंग चार्जेस' अशी ओळ असेल, खोलीच्या भाड्याला जोडलेली किंवा वेगळी. दिवसाला किती लावलेत बघा, आणि त्यातले किती त्या रात्रीच्या सिस्टरपर्यंत पोचले असतील याचा अंदाज तुम्हीच करा. काही दवाखान्यांचा हिशेब खरंच जुळणार नाही. त्यांच्यासाठी योजनेचे पैसे वेळेवर मिळावेत म्हणून भांडणं हेही नर्सेसच्या संघटनेचं काम आहे असं मला वाटतं, आणि डॉक्टर त्यात आमच्यासोबत आले तर त्यांच्याच फायद्याचं आहे.

केरळात हे घडलंय. माझ्यासोबत पूर्वी कोट्टायमची एक सिस्टर होती. 'हमारे यहाँ भी ऐसाच था' म्हणायची. तिथे २०११ मध्ये युनायटेड नर्सेस असोसिएशन उभी राहिली, आणि एप्रिल २०१८ मध्ये, नर्सेसचा पायी मोर्चा निघायच्या आदल्या दिवशी, सरकारनं खासगी रुग्णालयांसाठी २०,००० च्या किमान पगाराची अधिसूचना काढली. त्यानंतर केरळातले दवाखाने काही ओस पडले नाहीत.

युनियन झाली म्हणजे सगळं सुतासारखं सरळ होईल, असं मी म्हणत नाही. कामचुकार बाईला पाठीशी घालणारे पुढारी मी पाहिलेत. फक्त भत्त्यांवर बोलून उठणाऱ्या सभाही पाहिल्यात. सरकारी नर्सेसची संघटना राज्यभर आहे, मे २०२२ च्या अखेरीस भरती बाहेरच्या एजन्सीकडून करायला विरोध म्हणून त्या संपावरही गेल्या होत्या, तरी सरकारी वॉर्डातली गर्दी तुम्ही-आम्ही रोज बघतोच. रिकाम्या जागा नुसत्या संघटनेनं भरत नाहीत. पण त्या रिकाम्या आहेत हे मोठ्यानं सांगितलं तरी तिथल्या बाईची नोकरी जात नाही. आमची जाते.

राहिला मोबाईल. तुमचा सगळा राग तिथूनच सुरू झालाय, आणि त्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. हल्ली डॉक्टरांच्या ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर येतात, ईसीजीचा फोटो काढून पाठवायचा असतो, लॅबचा रिपोर्ट मोबाईलवरच उघडतो. रात्री दीडला काउंटरवर मान खाली घालून बसलेली बाई ऑर्डर वाचत असेल. रील बघत असेल, तेही होतं, मी रागावलेय मुलींना त्यावरून. ती काय बघत होती हे तुम्ही काउंटरपलीकडून पाहिलंत का? पाहिलं असेल तर लिहा. मी ती ओळही इथे जशीच्या तशी ठेवेन.