मनगटावरून मानगुटीवर

पावलं आणि झोप मोजणारं माझं स्मार्ट घड्याळ पुन्हा थरथरलं: 'उठा, हालचाल करा!' अरे बाबा, आत्ताच चार जिने चढून टेकलोय! पण दोन्ही हातांत जड पिशव्या होत्या, मनगट हललं नाही, म्हणून निम्मी पावलं गायब. बसल्या जागी टाळ्या पिटल्या की मात्र मोजतंय लेकाचं!

आणि ते रोज १०,००० पावलं चालायचं सोवळं? १९६५ साली जपानमध्ये 'मानपो-केई' नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं. नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारं'. म्हणजे जाहिरातीचा आकडा, आणि अपराधी मी!

झोपेचं तर विचारूच नका. काल मस्त गाढ झोपलो होतो. सकाळी पडद्यावर गुण दिसले: १०० पैकी ४२. झालं, तेव्हापासून जांभया देतोय.