कपाळ पाहून एंजलचा नर ठरत नाही

नागपूरच्या मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरून राहिला आहे: ‘एंजलफिशची जोडी दुकानातच ओळखा.’ खुणा पाच. कपाळाला उंचवटा असेल तो नर, पर लांब तो नर, पोट गोल ती मादी, मारकुटा तो नर, आणि दोघांनी मिळून अंडी सांभाळली की जोडी पक्की.

आधी ‘दुकानातच’ या शब्दाबद्दल. दुकानात बहुतेक नाण्याएवढी पिल्लंच असतात. एंजल वयात यायला आठ-दहा महिने, कधी वर्षही लागतं. त्या पिल्लाकडे पाहून नर-मादी सांगणारा एक तर ज्योतिषी, नाही तर विकणारा.

कपाळाच्या खुणेत थोडं तथ्य आहे, हे मान्य. पूर्ण वाढलेल्या काही नरांचं कपाळ पुढे येतं. पण खाऊनपिऊन सुखी असलेल्या मादीचंही येतं, आणि कित्येक नरांचं शेवटपर्यंत सपाटच राहतं. अंदाज बांधा, पैसे लावू नका.

लांब पर? व्हेलटेल या लांब परांच्या जातीत नर-मादी दोघांचेही पर झुलतातच. पोटाचं तर विचारूच नका. सकाळी पोटभर ब्लडवर्म (माशांच्या खाद्याच्या लाल अळ्या) घाला, दुपारी सगळी टाकी माद्यांची दिसेल.

‘मारकुटा तो नर’ हा नियम आपण माणसांवरून माशांवर लावला आहे. अंड्यांवर दोघंही पहारा देतात, दोघंही परांनी पाणी हलवत ठेवतात, आणि टाकीत हात घातला तर मादीसुद्धा बोटावर धावून येते.

पाचव्या मुद्द्यात मी स्वतः फसलोय. बर्डीतल्या एका दुकानातून ‘गॅरंटीची जोडी’ आणली. काही महिन्यांनी फिल्टरच्या पाइपवर अंड्यांच्या ओळी दिसल्या. आईने शेजारी सांगूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी निम्मी अंडी खसखशीसारखी पांढरी, तिसऱ्या दिवशी सगळीच. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी टॉर्च घेऊन काचेला नाक लावून बसलो, तेव्हा कळलं, दोघीही माद्याच! नर नसला की दोन माद्या बिनदिक्कत जोडी जमवतात आणि आळीपाळीने अंडी घालतात. अर्थात, पांढरी अंडी म्हणजे दोन माद्याच, असंही नाही. नर नवखा असला किंवा बोअरचं पाणी फार जड असलं, तरी अंडी वाया जातात. फळलेली अंडी २७-२८ अंशांच्या पाण्यात साधारण अडीच दिवसांत फुटतात.

टॉर्चने मी पाहत होतो ती नळी. अंडी घालण्याच्या एक-दोन दिवस आधी पोटाखाली, गुदद्वाराजवळ ती बाहेर येते आणि नंतर काही दिवसांत आत जाते. नराची बारीक, टोकदार, थोडी पुढे कललेली. मादीची जाड, बोथट, शेपटीकडे वळलेली. माझ्या दोघींच्याही नळ्या जाड आणि बोथट होत्या. भरवसा ठेवावा अशी खूण हीच, आणि ती रिकाम्या दिवसांत दिसत नाही.

म्हणून जोडी विकत घेऊ नका. सहा पिल्लं घ्या, उंच टाकीत एकत्र वाढवा. वयात आली की त्यांची ती जमतात. दोघं एक कोपरा धरून बाकीच्यांना हाकलू लागले की त्यांना वेगळं करा आणि अंडी घालायच्या वेळी नळ्या पाहून घ्या.

माझ्या त्या दोघी अजून आहेत. परवाच पाइपवर पुन्हा खसखस पेरून ठेवली.