'एक जुना वाचक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, स्पेनमधल्या मालागावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: तारलीला बांगडा म्हटलंय, गेलात जानेवारीत पण तारली चरबीदार असते ती मे ते ऑगस्ट, पाएया या स्पॅनिश भाताचा उल्लेखच नाही. आणि शेवटी, "मी अकरा वर्षं माद्रिदला होतो. सहा दिवसांच्या पर्यटकाने ज्ञान पाजळू नये."

तारलीचं मान्य. घाईत चुकलं, दुरुस्त केलंय.

आता ते शेवटचं वाक्य. मासे कसे भाजतात हे मला माद्रिदवाल्याने सांगायचं? माझा जन्म मालवणचा. आजी चुलीतले निखारे पुढे ओढून त्यावर तारल्या टाकायची आणि आम्ही पोरं बोटं भाजत खायचो. काटा कसा सोडवायचा हे मी शाळेत जायच्या आधी शिकलो. माद्रिदहून समुद्र किती लांब आहे, जरा नकाशात बघा.

मालागातल्या एल पालोच्या किनाऱ्यावर मी एस्पेतो, म्हणजे कामटीवर ओवलेल्या तारल्या, भाजणाऱ्याच्या शेजारी तासभर उभा होतो. जुन्या होडीत वाळू भरलेली, तीत ऑलिव्हची लाकडं पेटलेली. बोरूच्या कामटीवर सहा तारल्या, कण्याखालून ओवलेल्या, वर जाडं मीठ. मसाला नाही, तेल नाही. तो आधी वारा कुठून येतोय ते बघायचा आणि मग कामटी वाळूत तिरकी रोवायचा, म्हणजे धूर माशावर जात नाही. माझी आजीही पदर सावरत बसायची जागा बदलायची, ती ह्याच कारणाने. हे सहा दिवसांत दिसत नाही म्हणता? ज्याला बघायचंय त्याला एका दुपारी दिसतं.

हंगामाचं म्हणाल, तर ज्या महिन्यांच्या स्पॅनिश नावात 'र' नाही ते तारलीचे, हे मलाही माहीत आहे. रजा जानेवारीत मिळाली, काय करू? पाएया वालेन्सियाचा. मालागात तो शोधणं म्हणजे नागपुरात सोलकढी मागणं.

आणि १८४० पासूनच्या त्या कासा दे ग्वार्दिया बारमध्ये पिंपातून गोड वाईन घेतली, तेव्हा माझा हिशेब लाकडी काउंटरवर खडूने मांडला होता. फोटो लेखात आहे. तो बघितला असतात तर बरं झालं असतं.

कधी मालागाला गेलात तर नुसती कॉफी मागू नका. 'सोंब्रा' म्हणा, दूध जास्त मिळेल. 'नुबे' म्हणालात तर दुधाला कॉफीचा नुसता रंग.