दहा मिनिटांच्या कामाची ‘लूट’

घरातल्या बारीकसारीक दुरुस्त्यांसाठी माणूस कसा धरावा, याचे ‘सोनेरी नियम’ सांगणारा एक निरोप सध्या फिरतोय. माझ्याकडे तो तीन गटांतून आला, तिन्ही वेळा जोडलेल्या हातांच्या चित्रासकट. सूर असा की हे लोक लुबाडतात, सावध राहा. सावध राहायला माझी हरकत नाही. पण या नियमांनी वागलात तर चांगला माणूस तुमच्याकडे दुसऱ्यांदा येणार नाही, आणि जो येईल त्याच्यापासून खरंच सावध राहावं लागेल.

‘दहा मिनिटांच्या कामाचे एवढे पैसे म्हणजे लूट.’

नळ ठिबकत होता, वायसर बदलला, झालं. एवढं आपल्याला दिसतं. जुन्या, आटे फिरवून बंद करायच्या नळात रबरी वायसर ज्या पितळी कडेवर टेकतो, ती कड खडबडीत झाली असेल तर नवा वायसरही थोड्याच दिवसांत कापला जातो. आधी ती कड घासून सपाट करावी लागते. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात बहुधा हा वायसर नसतोच. आत सिरॅमिकच्या चकत्यांचं कार्ट्रिज असतं, आणि त्याची उंची नि दाते कंपनीगणिक वेगळे. चुकीचं आणलं की पुन्हा दुकान गाठा. शिवाय पाना लावल्यावर गंजका जोड भिंतीतच तुटला तर पुढे काय, हे त्याला ठाऊक असावं लागतं. ती दहा मिनिटं दहाच का लागली, याचे ते पैसे असतात. बरेच कारागीर एका फेरीची किमान मजुरी ठरवूनच ठेवतात, कारण येण्याजाण्याचा वेळ कामापेक्षा जास्त जातो. ती खटकत असेल तर घासाघीस करू नका, यादी करा. सैल कडी, झिरपणारी फ्लशची टाकी, अडकणारा ड्रॉवर अशी चार कामं साठवून एका फेरीत उरकून घ्या.

‘तिघांकडून भाव घ्या, सर्वांत कमी सांगेल त्याला काम द्या.’

मोठ्या कामाला हे ठीक आहे. पण तुलना करायची तर तिघांनी एकाच कामाचा भाव सांगायला हवा. भिंतीला ओल आलीय. एक म्हणतो खरवडून रंग देतो, दुसरा म्हणतो गिलावा काढून पुन्हा करतो, तिसरा आधी पाणी कुठून येतंय ते शोधू म्हणतो. सर्वांत स्वस्त अर्थातच पहिला, आणि रंग फुगून सुटला की तोच सर्वांत महाग. घरात पाण्याचा मीटर असेल तर एक तपासणी तुम्हीही करू शकता. सगळे नळ बंद करा आणि थोडा वेळ मीटर बघा. काटा सरकत असेल आणि कुठली टाकी भरत नसेल, तर बहुधा घरात पाणी आणणाऱ्या वाहिनीत गळती आहे. काटा स्थिर असेल आणि ओल आंघोळीनंतरच वाढत असेल, तर संशय सांडपाण्याच्या पाइपावर किंवा फरशीच्या सांध्यांवर घ्यायचा. एवढं सांगून भाव विचारलात तर उत्तरंही बदलतील.

‘काम पूर्ण होईपर्यंत एक पैसाही देऊ नका.’

अर्धं बरोबर. मजुरी शेवटीच द्या. पण सामान त्यानं स्वतःच्या खिशातून का आणावं? सामानाचे पैसे आधी द्या, पावती घ्या.

‘सगळी कामं येणारा एकच माणूस धरून ठेवा, वायरमन वेगळा कशाला?’

या निरोपातलं हे वाक्य मला धोकादायक वाटतं. फळी ठोकणं, पडद्याची दांडी लावणं, बिजागरी बदलणं हे एकाच माणसानं खुशाल करावं. विजेचं तसं नाही. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर ओढतो; तो 6 अँपिअरच्या सॉकेटला जोडला तर सॉकेट तापतो, वितळतो. एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारं बटण, सारखा पडतो म्हणून 16 अँपिअरचा काढून 32 चा बसवणारे ‘सगळं येणारे’ मी पाहिलेत. बटण पडायचं थांबतं, घरचे खूश. एमसीबी मात्र भिंतीतल्या तारेच्या कुवतीनुसार निवडलेला असतो. आता जास्तीचा भार आला की बटणाऐवजी तार तापणार. तसाच आरसीसीबी. माणसाला शॉकपासून वाचवण्यासाठी बसवलेला तो साधारण 30 मिलिअँपिअर विजेच्या गळतीला पडतो, म्हणजे वीज तोडतो. त्याला वगळून तारा जोडून देणाऱ्याला त्याच क्षणी थांबवा. गॅसच्या जोडणीलाही जाणताच माणूस हवा.

‘काम चालू असताना डोक्यावर उभे राहा.’

कशाला? सुरुवातीला काय करणार ते विचारा, शेवटी तपासा. पाइपाच्या जोडावर कोरडा कागद फिरवला की बारीकशी गळतीही कळते. सिलिकॉन भरलं असेल तर साधारण 24 तास तिथे पाणी लागू द्यायचं नसतं, म्हणजे तो जोड त्या दिवशी तपासताच येत नाही. गळलं तर परत येणार का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.

‘प्रश्न विचारत बसणारा टाळा, आल्याबरोबर हात चालवतो तो खरा कारागीर.’

पावसाळी हवेत आमचं एक दार चौकटीत घासायला लागलं. पहिला आला तो रंधा काढूनच. मी त्याला थांबवलं, कारण त्याने दार नीट उघडूनही पाहिलं नव्हतं. दुसऱ्याने विचारलं, कधीपासून घासतंय, वर की खाली, उन्हाळ्यात कसं होतं? मग म्हणाला, ‘लाकूड फुगलंय. आत्ता तासलं तर हवा कोरडी झाल्यावर फट पडेल.’ वरच्या बिजागरीचे सैल स्क्रू काढले, भोकांत लाकडाच्या काड्या सरसात बुडवून ठोकल्या, पुन्हा आवळलं. दार थोडं घासतच राहिलं, तसं त्याने सांगितलंही होतं. कोरड्या दिवसांत ते आपोआप नीट बसलं. आता बाकीची यादी घेऊन मी त्याच्याच मोकळ्या वेळेची वाट बघतोय.