टाकीला टाकी लावता येत नाही

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी स्पोर्ट बाइक घेतली. सेकंडहँड. पहिलं वाक्य बायकोला खटकलं, दुसरं आईला. "घ्यायची तर नवी घे, दुसऱ्याची उष्टी कशाला?" असं आई म्हणाली. बायको एवढंच म्हणाली, "गाडी कुणाचीही असू दे रे, कंबर तुझीच आहे ना?"

रंग मॅट काळा. तो निवडण्यामागे शुद्ध आळस होता. चकचकीत गाडी पुसावी लागते. जी मुळात चमकतच नाही, ती कशाला कोण पुसतंय! धूळ बसली तरी 'रंगच तसा आहे' म्हणून खपून जाईल, असा माझा हिशेब. गणितात मी शाळेपासूनच कच्चा.

गाडी निगडीला होती. २०१९चं मॉडेल, १५५ सीसी, बावीस हजार किलोमीटर चाललेली. मालक इंजिनिअरिंग संपवून जर्मनीला निघालेला पोरगा. फोनवर तो मला 'भाऊ' म्हणत होता, समोर पाहिल्यावर 'काका' म्हणाला. भाव पाडायचा अर्धा आत्मविश्वास तिथंच गेला. पण सोबत माझा गॅरेजवाला मित्र होता. त्यानं गाडीकडे न बघता आधी इंजिनला हात लावला आणि माझ्या कानात म्हणाला, "गरम आहे. आपण यायच्या आधी चालू करून ठेवलीये." गार इंजिन पहिल्या बटणाला कसं उठतं, त्यावरून त्याची तब्येत कळते म्हणे. मग आम्ही पाऊण तास चहा पीत इंजिन गार व्हायची वाट पाहिली. तेवढ्यात मित्रानं चेसिस नंबर आरसीबरोबर ताडून पाहिला, पुढच्या शॉकअपमधून तेल पाझरतंय का पाहिलं, चेन उचलून पाहिली आणि ब्रेक-क्लचच्या दांड्यांची टोकं चाचपली. गाडी पडली असेल तर आधी ती टोकं घासतात. टोकं घासलेली होती. "पार्किंगमध्ये कलंडली होती," पोरगा म्हणाला. जगातली प्रत्येक सेकंडहँड गाडी पार्किंगमध्येच पडते.

खरी मजा ई-चलन बघताना आली. मोबाइलवर गाडीचा नंबर टाकला, तर तीन दंड थकलेले. त्यातला एक ट्रिपल सीटचा, तोही फोटोसकट. पोराचे वडील तोवर सोफ्यावर पेपर वाचत होते. ते उठले, चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "हा मधला कोण?" पुढची पाच मिनिटं आम्ही दोघं कुंडीतल्या तुळशीकडे बघत उभे होतो. अठ्ठ्याण्णव हजारांची गाडी वडिलांनी स्वतःहून एक्क्याण्णवला दिली. वर दंड पोराच्या पॉकेटमनीतून भरायला लावला.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. गाडी नावावर करायला फॉर्म २९, फॉर्म ३०, बँकेचा बोजा उतरवायला फॉर्म ३५, आणि चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी धावपळ. सह्या इतक्या केल्या की शेवटच्या दोन माझ्या वाटतच नाहीत.

घरी आणल्यावर उजेडात पाहिलं तर टाकीच्या दोन्ही बाजूंना, जिथं गुडघे टेकतात तिथं, काळ्या रंगावर दोन लांबट चकचकीत डाग. मी फडकं घेऊन पुसायला लागलो. मित्र ओरडला, "घासू नको! घासूनच झालंय ते."

मग त्यानं मला मॅटचं शास्त्र समजावलं. चकचकीत गाडीवरचा वरचा पारदर्शक थर आरशासारखा सपाट असतो, म्हणून उजेड सरळ परत येतो. मॅटच्या थरात सिलिकासारखी पूड मिसळून तो डोळ्यांना दिसणार नाही इतका खरबरीत ठेवतात, म्हणजे उजेड चहूकडे विखुरतो. घासलं की उंचवटे झिजतात, मेण लावलं की खड्डे भरतात. दोन्हींनी गाडी चमकायला लागते, आणि ती चमक मग जात नाही. साध्या रंगावर ओरखडा आला तर रबिंग कंपाउंड, म्हणजे घासून गुळगुळीत करायची पेस्ट, मारून घालवता येतो. इथं ओरखडा घालवायला जाल तर भोवती तळहाताएवढं टक्कल पडतं. मग अख्खा पार्टच पुन्हा रंगवायचा.

आईनं हे सगळं ऐकलं आणि एका वाक्यात निकालात काढलं. "म्हणजे पाट्यासारखं. वाटून वाटून गुळगुळीत झाला की टाकी लावून परत खरबरीत करून घ्यायचा." मी म्हणालो, "आई, टाकीला टाकी लावता येत नाही." ती म्हणाली, "मग पाटा बरा."

माझा दर रविवारचा कार्यक्रम असा. दोन बादल्या. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, म्हणजे फडक्यातली माती परत गाडीवर जायला नको. शाम्पू आम्लही नको, अल्कलीही नको, मधल्यामधला. मेणवाला तर अजिबात नको. उन्हात धुवायची नाही. पुसायची नाही, टिपायची. मऊ मायक्रोफायबरचं फडकं अलगद ठेवायचं, दाबायचं, उचलायचं. बायको गॅलरीतून बघत होती. "पोरीला कधी असं टिपलं होतंस?" मी उत्तर दिलं नाही. पोरगी चकचकीत होती, तिला काहीही चालायचं.

बोअरचं पाणी आमच्या सोसायटीत इतकं जड आहे की वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. चकचकीत गाडीवरून ते पुसता येतात, मॅटवरून नाही. त्यामुळे शेवटची बादली मी खडकवासल्याच्या, म्हणजे पिण्याच्या पाण्याची घ्यायला लागलो. मार्च-एप्रिलमध्ये मी ती शालीखाली झाकून न्यायचो. चेअरमननी एकदा विचारलं, तेव्हा 'अभिषेकाचं आहे' म्हणालो. फारसं खोटं नव्हतं.

पेट्रोल पंपावर तर माझा जीव टांगणीला लागतो. पंपावरचा माणूस शेवटचे चार थेंब मिळावेत म्हणून नोझल झटकतो, आणि ते थेंब बरोबर टाकीवर पडतात. त्याला वाटतं आपण गिऱ्हाइकाचं भलं करतोय. वर स्वतःच्या खिशातल्या कळकट फडक्यानं ते पुसायलाही निघतो. मी त्याचा हात धरतो. मागची रांग बघत असते, की एक टक्कल पडलेला माणूस पंपावर कुणाचा तरी हात धरून 'नको, नको' म्हणतोय.

वॉशिंग सेंटरवर मी एकदाच गेलो. "साहेब, पॉलिश आपल्याकडून फ्री." हे ऐकून मी ओली गाडी तशीच पळवली.

पण या सगळ्यांहून अवघड होते आमचे वॉचमन मामा. मामा पहाटे पाचला सोसायटीतल्या सगळ्या गाड्या पुसतात, महिना तीनशे रुपये. त्यांच्या हाताखालून गेलेल्या गाडीत भांग पाडून घ्यावा. मी त्यांना सांगितलं, "मामा, माझी पुसायची नाही." त्यांचा चेहरा पडला. पुसणार नाही म्हणजे पैसे नाहीत, असा त्यांचा अर्थ. म्हणून मी म्हणालो, "पैसे देईन, पण पुसू नका." मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या घरात काहीतरी बिनसलंय हे कळल्यावर पाहतात. तेव्हापासून मी दरमहा तीनशे रुपये न पुसण्याचे देतो. मामा घेतात, पण मान खाली घालून. एकदा म्हणाले, "साहेब, फुकटचं खाल्ल्यासारखं वाटतंय. येणारी-जाणारी माणसं मला बोलतात, की याच गाडीवर धूळ कशी?" मी त्यांना खरबरीत थराचं सगळं सांगितलं. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि जाता जाता गाडीकडे बघून चुकचुकले.

मग दसरा आला. आईनं गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मला काही सुचायच्या आत ओल्या हळदीत बोट बुडवून टाकीवर स्वस्तिक काढलं. वर कुंकू. आईला थांबवणं शक्य नव्हतं. सणासुदीला 'मॅट फिनिश' हे शब्द तोंडातून बाहेर पडत नाहीत. संध्याकाळी टिपून टिपून कुंकू निघालं, पण हळद त्या सगळ्या सूक्ष्म खड्ड्यांत जाऊन बसली होती. काळ्या टाकीवर पिवळं स्वस्तिक, आणि घासायची सोय नाही. मी रात्री अकरापर्यंत टाकीवर बॅटरी मारत बसलो होतो.

"उन्हात ठेव," आई म्हणाली. "हळदीचा डाग उन्हात उडतो. तुझी दुपटी मी अशीच काढली."

चाळीस वर्षांचा अनुभव होता, मी ऐकलं. गाडी पार्किंगमधून काढून गेटपाशी उघड्यावर लावली. पहिल्या दिवशी पिवळा लिंबू झाला, दुसऱ्या दिवशी लिंबाची साल. एक ऊन अजून मिळालं असतं, तर काम झालं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला खाली उतरलो, तर गाडीजवळ मामा उभे. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात बी विंगमधल्या कुणाच्या तरी कारची रबिंग कंपाउंडची बाटली. कपाळावर घाम, आणि गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदाच मान ताठ.

हळद गेली होती. तिच्या जागी पुरणपोळीएवढा एक वर्तुळाकार आरसा तयार झाला होता. त्यात मला माझा चेहरा दिसला, मागची ए विंग दिसली, तिसऱ्या मजल्यावर दात घासत उभी असलेली बायको दिसली.

"बघा साहेब," मामा म्हणाले, "आत कसली गाडी होती! आज वेळ झाला नाही. उद्या बाकीची काढून देतो."