‘कोल्हापूरचा गडी पाण्याला भीत नसतोय’ : धरणावरच्या त्या मजकुराला उत्तर

उन्हाळ्याची सुट्टी लागली की कोल्हापुरातल्या बहुतेक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. राधानगरीचा लक्ष्मी तलाव, काळम्मावाडी, तुळशी, कुठल्याही धरणाच्या बॅकवॉटरला जा, रस्सामंडळ (मटण-रश्श्याचं जेवण) करा, मनसोक्त पोहा, भित्र्यांचं ऐकू नका, असा त्याचा सूर. त्यात काही ‘अनुभवाचे बोल’ दिलेले असतात आणि शेवटी ठरलेली ओळ: ‘कोल्हापूरचा गडी पाण्याला भीत नसतोय. पुढं पाठवा.’

धरणावर जायला माझी हरकत नाही. मीही जातो. दाजीपूरच्या जंगलाला लागून पसरलेलं ते पाणी संध्याकाळी बघण्यासारखं असतं. पण मजकुरातला जवळजवळ प्रत्येक सल्ला माणसाला पाण्यात घालणारा आहे, म्हणून एकेक घेतो.

‘नदीला ओढ असते, धरणाला नसते. म्हणून धरणात पोहणं सोपं.’

भिंतीपासून आणि पाणी सोडायच्या विमोचकापासून लांब असाल तर ओढ नसते, एवढं कबूल. पण धरणाचा तलाव म्हणजे पाण्याखाली गेलेली दरी. लक्ष्मी तलावात भोगावतीचं खोरं बुडालं आहे, आणि त्या खोऱ्याचे उतार जसेच्या तसे खाली आहेत. काठापासून चार पावलं कमरेएवढं पाणी आणि पाचव्या पावलाला डोक्यावर, असं तिथं सहज होतं. पंचगंगेच्या घाटाला पायऱ्या आहेत, पाय कुठं टेकणार हे ठाऊक असतं. इथं खाली शेताचे जुने बांध असतील, तोडलेल्या झाडांची खोडं असतील, दगड असतील, आणि वरून त्यातलं काही दिसत नाही. वरून सूर मारणाऱ्यानं तर हे नक्कीच ध्यानात घ्यावं. मानेचं हाड मोडायला फार खोल जावं लागत नाही.

शिवाय हा तलाव वर्षभर एका जागी नसतो. ऑगस्टमध्ये तुडुंब, मे महिन्यात पार खाली. पाणी हटलेल्या जागी वर उन्हानं तडकलेली खपली असते आणि तिच्याखाली लिबलिबीत गाळ. एक पाय गुडघ्यापर्यंत गेला की तो उपसताना जोर दुसऱ्या पायावर येतो आणि तोही जातो. अशा वेळी उभं राहून झटापट करायची नाही. मागं बसायचं, पाठीवर आडवं व्हायचं, अंगाचा भार पसरायचा आणि एकेक पाय हळूहळू सोडवायचा. गाळात जनावरं रुतलेली ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि वारा. वळीव येण्याआधी दहा मिनिटं जो वारा सुटतो, तो उघड्या पाण्यावर अडवायला काहीच नसतं. ट्रकच्या ट्यूबवर पडून तरंगणाऱ्याला तो काठापासून लांब नेतो; ट्यूबवाला हातानं पाणी मारत दमतो आणि मग ट्यूब सोडून पोहायला जातो. ट्यूब सोडायची नाही. वारा पडेपर्यंत तिच्यावरच राहायचं. वीज चमकायला लागली तर मात्र पाण्याबाहेर, आणि एकट्या झाडाखाली नाही, गाडीत.

‘पट्टीचा पोहणारा बुडत नाही.’

मजकुराचा सगळा डोलारा या ओळीवर आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

या गावाला पोहण्याचं वेड आहे आणि त्याचा अभिमान मलाही आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला उतरलेला वीरधवल खाडे इथलाच. आपल्या दोन-तीन पिढ्या रंकाळा, कोटीतीर्थ, पंचगंगेचा घाट नाहीतर मळ्यातली विहीर यातच पाणी शिकल्या. पण तिथं आपल्याला कोणी जिवंत ठेवलं? कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांनी, कपडे धुणाऱ्या बायकांनी, ‘ए, तिकडं जाऊ नको’ म्हणणाऱ्या थोरल्या पोरांनी. विहिरीत दम लागला तर चार हात मारले की कपार. घाटावर दम लागला तर पायरी. पोहण्याचं श्रेय आपण स्वतःकडं घेतलं आणि काठाला विसरलो.

धरणावर नेमका तो काठ नसतो. समोरची टेकडी जवळ वाटते, कारण मध्ये माप घ्यायला झाड नाही, घर नाही, काही नाही. ‘पलीकडं जाऊन येऊ’ ही पैज त्यातूनच लागते. जलतरण तलावात पन्नास मीटरवर भिंत येते. इथं निम्म्यात पोटरीला गोळा आला तर धरायला काय? पट्टीचा पोहणारा उलट जास्त आत जातो, म्हणून तो अडकतो तेव्हा मदतीपासून जास्त लांब असतो. न पोहणारा निदान गुडघाभर पाण्यात थांबतो (आणि त्याला ते पाचवं पाऊल गाठतं, ही वेगळी गोष्ट).

गोळा आला तर पाठीवर व्हायचं, छातीत हवा भरून घ्यायची आणि हातानं सावकाश काठाकडं सरकायचं. पोहायचंच असेल तर काठाला समांतर पोहावं, आत नाही. रस्सामंडळात बाटली उघडली असेल तर त्या दिवशी पाणी बंद, यावर चर्चा नको.

‘लाइफ जॅकेट शहरवाल्यांना. पाठीला पाच लिटरचा कॅन बांधला की झालं.’

यातला हिशेब चुकीचा नाही. झाकण घट्ट असलेला पाच लिटरचा रिकामा कॅन पाण्यात सुमारे पाच किलोचा उचल देतो. डोकं पाण्याबाहेर राहायला शुद्धीवरच्या माणसाला तेवढा साधारण पुरतो; काठाजवळ वापरायच्या हलक्या जॅकेटचा दर्जाही ५० न्यूटनचा, म्हणजे जवळपास तेवढाच असतो. चुकते ती बांधायची जागा. शिकणाऱ्या पोराच्या पाठीला डबा बांधतात, कारण शिकताना त्याला पालथं पडून हात मारायचे असतात आणि शिकवणारा शेजारी असतो. तोच डबा दमलेल्या किंवा बेशुद्ध माणसाच्या पाठीला असला तर पाठ वर आणि तोंड पाण्यात. नीट बनवलेल्या लाइफ जॅकेटमध्ये फुगवटा छातीवर आणि मानेमागं असतो, १०० न्यूटनच्या पुढचं जॅकेट शांत पाण्यात बेशुद्ध माणसालाही उताणा करायला बनवलेलं असतं. त्याचे पट्टे मात्र आवळलेले हवेत. खांद्यावर नुसतं अडकवलेलं जॅकेट पाण्यात पडल्याबरोबर कानापर्यंत वर येतं आणि माणूस खालून निसटतो.

कॅन टाकून देऊ नका. त्याचा खरा उपयोग खाली येतो.

‘थंड पाण्याचे नियम परदेशातल्या तळ्यांचे. आपलं पाणी गरम.’

बर्फाळ तळ्यांवरचे नियम इथं जसेच्या तसे लागू नाहीत, हे बरोबर. पण उन्हात तापलेलं अंग एकदम पाण्यात टाकलं की श्वास आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर आत पाणीच जातं. उन्हाळ्यात वरचा थर कोमट आणि खाली गार असा फरक खोल पाण्यात पडतो. सूर मारणाऱ्याला तो डोक्यापासून पायापर्यंत कळतो. आधी पाय, मग हात, मग तोंड भिजवून उतरावं. एवढंच.

‘कुणी बुडत असेल तर ओरडतंय, कळतंयच की.’

नाही कळत. फ्रँक पिया या न्यूयॉर्कच्या जीवरक्षकानं बुडणाऱ्या माणसांचं प्रत्यक्ष चित्रीकरण करून हे दाखवून दिलं. तोंड क्षणभर पाण्यावर येतं, तेवढ्यात श्वास घ्यायचा असतो; ओरडायला हवाच उरत नाही. हात वर हलवता येत नाहीत, ते आपोआप दोन्ही बाजूंना पाणी दाबत राहतात. माणूस उभाच्या उभा, डोकं मागं, आणि पुढं सरकत नाही. हे सगळं २० ते ६० सेकंदांत आटपतं. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, गडी मजेत उभा आहे. जो ओरडतो आणि हात हलवतो तोही संकटात असतोच, पण त्याच्याकडं अजून थोडा वेळ असतो. म्हणून पाण्यात गेलेल्यांकडं बघत बसायला एकजण हवा, आणि त्यानं मटणाच्या पातेल्याकडं नाही, पाण्याकडंच बघायचं. पोरं गप्प झाली तर आधी पळायचं, मग कारण विचारायचं.

‘मित्र बुडतोय आणि तुम्ही काठावर उभे? हात धरून साखळी करा, उडी मारा.’

हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याच्या मनात वाईट नसेल, पण सगळ्यात जास्त जीव घेणारं वाक्य हेच. एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला त्याचा भाऊ, आणि एकाच घरातले दोघं-तिघं गेल्याच्या बातम्या आपण वाचत आलोय. बुडणारा माणूस वैरी नसतो, पण हाताला लागेल त्यावर चढून श्वास घेतो. हाताला तुम्ही लागलात तर तुमच्यावर. आणि ज्या उतारावरून पहिला घसरला, त्याच उतारावर साखळी उभी राहणार.

आधी काठी, फांदी, टॉवेल पुढं करा, तेही स्वतः आडवं पडून. पोचत नसेल तर फेका: दोर बांधलेला तो पाच लिटरचा कॅन, झाकण लावून, आत मूठभर पाणी ठेवून, म्हणजे वाऱ्यानं उडत नाही. दोर नसेल तर साड्या, ओढण्या गाठी मारून. मोकळा कॅनसुद्धा फेका. तो छातीशी धरला की माणूस तरंगतो. गाडीत स्टेपनी असते, तीही तरंगते. हे सगळं पाण्यात उतरायच्या आधी काठावर काढून ठेवायचं असतं.

‘बाहेर काढल्यावर उलटं करून, पोट दाबून पाणी काढा.’

पूर्वी बुडालेल्याला खांद्यावर उलटं टाकून पळवायचे, ते या मजकुरात अजून जिवंत आहे. पोट दाबल्यानं पोटातलं पाणी वर येतं आणि तेच फुप्फुसात जातं. बुडालेल्याला हवेची कमतरता असते, म्हणून आधी हवा द्यायची. छाती दाबून आणि तोंडानं श्वास देऊन जीव वाचवायच्या या उपायाला सीपीआर म्हणतात. कोल्हापुरात सीपीआर म्हटलं की त्याच नावाचा दवाखाना आठवतो, तेव्हा सरळच सांगतो: श्वास चालू नसेल तर उताणं झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडानं दोन ते पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध तळहातानं ३० वेळा दाबा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं. पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३०. उलटी झाली तर कुशीवर करून तोंड पुसा आणि पुढं चालू ठेवा. माणूस उठून बसला, ‘काय झालं नाही मला’ म्हणाला, तरी दवाखान्यात न्या. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

‘दरवाजे उघडायच्या आधी समजतं. खालच्या पात्रात बसायला हरकत नाही.’

राधानगरीबद्दल हे लिहिणाऱ्यानं ते धरण कधी नीट पाहिलेलं दिसत नाही. शाहू महाराजांनी मुहूर्तमेढ रोवलेल्या आणि १९५० च्या दशकात पुऱ्या झालेल्या या धरणाचं वैशिष्ट्यच त्याचे सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की दरवाजा आपोआप उघडतो, उतरलं की आपोआप मिटतो. कुणी बटण दाबत नाही. एका दरवाज्यातून १,४२८ क्युसेक पाणी येतं, म्हणजे सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर. दहा हजार लिटरचे चार टँकर दर सेकंदाला पात्रात ओतल्यासारखं. प्रशासन इशारा देतं, भोंगा वाजतो, ‘अमुक क्रमांकाचा दरवाजा उघडला’ अशी बातमीही मोबाइलवर येते. पण रात्री, पावसाच्या आवाजात, रेंज नसलेल्या ठिकाणी ती तुमच्यापर्यंत पोचेल यावर जीव लावायचा का? तलाव भरत आलेला असेल तेव्हा खालच्या पात्रातल्या खडकांवर बसायचंच नाही.

खाली बंधाऱ्यांचीही तीच गोष्ट. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी पडत असताना पायथ्याशी ते उलटं फिरतं, आणि त्यात सापडलेली वस्तू, माणूसही, पुन्हा पुन्हा भिंतीकडं ओढला जातो. बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असताना वरच्या बाजूला फटींची ओढ असते. संथ दिसणारं पाणी तिथं सगळ्यात कमी संथ.

‘अभयारण्यात मुक्काम करा, गवा काही करत नाही.’

गव्यांसाठीच १९५८ साली दाजीपूर राखीव झालं. आज अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे, आणि तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. गवे पाण्यावर येतात ते संध्याकाळी आणि पहाटे, म्हणजे तुमची चूल पेटलेली असते त्याच वेळी. त्यांची वाट मोकळी ठेवायची.

‘काही झालंच तर फोन आहे की.’

११२ आणि १०८ हे दोन्ही नंबर चांगले आहेत, रेंज असेल तर. बॅकवॉटरच्या कित्येक काठांवर ती नसते. जाताना शेवटची रेंज कुठं गेली ते बघून ठेवा, एका गाडीची किल्ली काठावर राहणाऱ्याकडं द्या. घरी ‘राधानगरीला चाललोय’ एवढंच सांगून निघू नका. तलावाला किनारे अनेक आहेत आणि शोधायला येणाऱ्याला त्यातला एक निवडावा लागतो. फेजिवड्याकडून उतरणार की दाजीपूरच्या बाजूनं, कुठल्या वाडीच्या खाली गाडी लावणार, किती वाजेपर्यंत परत, हे एका माणसाला लिहून पाठवा.