ताकद नाही, कुऱ्हाड सोडायची वेळ महत्त्वाची!

कुऱ्हाडफेकीच्या खेळाला दंडात ताकद हवी असं एका लेखात म्हटलंय. अहो, नाही! दिवाळीच्या सुट्टीत दादरहून आम्ही सगळे लोकलने हा खेळ खेळायला गेलो होतो. साधारण 12 फुटांवर लाकडी फळ्यांचं लक्ष्य. हवेत एक गिरकी घेऊन कुऱ्हाड पात्याच्या बाजूने लक्ष्यावर पोचली पाहिजे. आमचे हे जिमवाले. जोर काढून फेकायचे, दांडा आपटून कुऱ्हाड खाली. शिकवणारा मुलगा म्हणतोय, "काका, अर्धं पाऊल मागे घ्या." ऐकतील तर शपथ! सासूबाईंनी मात्र पदर खोचला, दोन्ही हातांनी डोक्यामागून आणून अलगद सोडली आणि खच्चकन रुतली. कोकणात लाकडं फोडलेला हात तो! आणि हो, बंद बूट घालून जा. मी चपलांत गेले, म्हणून खेळता आलं नाही, नुसती बाकावर बसून राहिले.